लाईनीतली पोरं आणि अध्यक्षांची खुर्ची

"शाळा बंद पडली तरी चालंल, मॅडम, पण ते लाईनीतले पोट्टे इथं बसणार नाहीत."

खेमराजभाऊंनी हे टेबलावर हात आपटून सांगितलं. टेबल शाळेचं होतं आणि एका पायाने अधू होतं, त्यामुळे माझा चहा सांडला. खेमराजभाऊ शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. ही पालकांची समिती. शाळा कशी चालते यावर तिने लक्ष ठेवायचं असतं. मी केंद्रप्रमुख, म्हणजे दहा-बारा गावांच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये फिरून त्या नीट चालतात का ते पाहायचं आणि त्या चालत नसल्या की वरून बोलणी खायची, हे माझं काम. शाळा तिरोड्याच्या अलीकडची, हायवेला लागून असलेल्या गावातली. मी तेव्हा मुर्रीहून स्कूटीने जायचे.

भांडणाचं कारण साधं होतं. हायवेच्या अलीकडे, गावाला लागूनच ठेकेदाराने मजुरांसाठी टिनाच्या खोल्यांच्या रांगा बांधल्या होत्या. गावात त्यांना 'लाईन' म्हणायचे. माणसं छत्तीसगडची, बिहारची, थोडी ओडिशाची. आधी नुसते पुरुष यायचे. मग बायका आल्या, मग लेकरं आली, आणि दोन-तीन वर्षांत गावापेक्षा लाईनीत लेकरं जास्त झाली. ती दिवसभर रस्त्याच्या कडेला खेळायची. ट्रक मोजायची.

इकडे शाळेत वर्ग होते, फळे होते, मेश्राम सरांसारखे मुख्याध्यापक होते. नव्हती ती मुलं.

गावातली मुलं कुठे होती, ते त्या बैठकीतच कळलं. चार वाजता बाहेर हॉर्न वाजला आणि तिरोड्याच्या कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन उभी राहिली. समितीतले निम्मे सदस्य उठून आपापली लेकरं उतरवून घ्यायला गेले. खेमराजभाऊंचा वेदांतही उतरला, गळ्यात टाय, पाठीवर दप्तर. त्याला घरी पाठवून भाऊ परत आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आमच्या शाळेचं वातावरण खराब होऊन जाईल."

मला हसू आलं नाही. राग आला. गोंदियाची माणसं तोंडावर बोलतात, पुण्यासारखं वळण घेऊन येत नाहीत. मीही तिथलीच आहे.

"भाऊ, वातावरण आहेच कुठं? मुलंच नाहीत."

"तुमी सरकारी माणूस. तुमाले काय? बदली झाली का चालल्या. आमाले गावात राहाचं हाय."

आता पणाला काय लागलं होतं ते सांगते. वरच्या वर्गांना पुरेशी मुलं नसली की शिक्षकाचं पद जातं. पद गेलं की वर्ग जातो. सप्टेंबरअखेरचा पट भरला नाही, तर सहावी-सातवी बंद होणार होती. सहावीत नुकतीच आलेली प्रतीक्षा दुर्गाबाईची मुलगी. दुर्गाबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. सहावीची दुसरी शाळा हायवेच्या पलीकडे होती आणि तो हायवे जड गाड्यांचा. दुर्गाबाईने मला चुलीजवळच सांगून टाकलं होतं, "मॅडम, मी रोडाच्या पलीकडं पोरीले नाही धाडत. शाळा सुटली त सुटली."

प्रतीक्षा शेजारी उभी राहून तांदूळ निवडत होती. गणितात ती माझ्याहून चलाख होती, आणि मी बी.एस्सी. आहे.

मी गटशिक्षणाधिकारी साहेबांना फोन लावला. हे तालुक्याचे शिक्षणाचे मोठे साहेब.

"साहेब, लाईनीतली मुलं घेतली तर पट भरतो. समिती विरोध करते."

"मॅडम, वाद नको. समायोजन करून टाका."

सरकारी भाषेत शाळा कधी बंद पडत नाही. तिचं समायोजन होतं, म्हणजे तिची मुलं दुसऱ्या शाळेत ढकलली जातात.

"साहेब, मुलं दारात उभी आहेत."

"मग घ्या ना."

"समिती..."

"मग नका घेऊ. तुम्ही अनुभवी आहात." फोन बंद.

अनुभवी आहात, याचा अर्थ काही झालं तर नाव तुमचं. पण साहेबांनी नकळत मला मोकळीक दिली होती. कायदा म्हणतो की वस्तीतलं कुठलंही मूल शाळेने नाकारायचं नाही, दाखला असो वा नसो. त्याला समितीचा ठराव लागत नाही, मुख्याध्यापक पुरेसा असतो. मी मेश्राम सरांना म्हटलं, "सर, उद्या सकाळी लाईनीत जाऊ."

मेश्राम सर भले माणूस. पण त्यांना दम्यापेक्षा वादाचा त्रास जास्त व्हायचा. "मॅडम, त्यांना मराठी येत नाही. मी शिकवू काय?"

"आपल्या पोरांना तरी पुस्तकातली मराठी कुठं येते, सर?"

ते हसले आणि आले.

लाईनीत आम्हाला सुखमती भेटली. दुर्गकडची, उंच बाई. तिच्याभोवती बाकीच्या बायका गोळा व्हायच्या, म्हणजे बोलायचं ते हिच्याशीच, हे लगेच कळलं. मी हिंदीत सांगितलं की पोरं शाळेत पाठवा. ती म्हणाली, "मैडम, हमन त पिछू साल घलो गे रहेन. भइया मन भगा दिस." मागच्या वर्षीही गेलो होतो, भाऊ लोकांनी हाकलून दिलं. मेश्राम सर चपलेकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला व्हरांडा भरला. पहिले आठ दिवस गोंधळ होता. सर मराठीत विचारायचे, पोरं छत्तीसगडीत उत्तर द्यायची, मधली दोन बिहारची पोरं दोन्हीकडे बघत बसायची. धानाची रोवणी संपेपर्यंत मात्र तीच पोरं "सर, काऊन मारून राहिले?" म्हणू लागली. गावातली कॉन्व्हेंटची लेकरं तोवर "मॅम, मे आय गो टू टॉयलेट" शिकत होती. आमची इथली झाडीबोली टिकवायला चर्चासत्रं भरवतात, तिथे हे कुणी सांगत नाही.

खेमराजभाऊ रोज फाटकापर्यंत यायचे, आत बघायचे, तक्रार अर्ज देईन म्हणायचे. ते वाईट माणूस नव्हते, हेही सांगायला हवं. शाळेची बोअरवेल त्यांनीच भांडून आणली होती, संरक्षक भिंत त्यांनीच पंचायत समितीत ठाण मांडून बांधून घेतली होती. पंधरा ऑगस्टला पांढरे कडक कपडे घालून ते झेंड्याजवळच्या खुर्चीत बसत. वर्षभर त्यांना त्या खुर्चीचं काम पडत नसे, पण तिच्याशिवाय त्यांचं चालतही नसे.

आणि इथेच त्यांच्या हातून एक चूक झाली होती. समितीची मुदत संपली होती आणि नवी समिती पालकसभेतून निवडायची होती. नियम असा की ज्याचं लेकरू शाळेत, तोच सदस्य, त्यातूनच अध्यक्ष. भाऊंची थोरली मुलगी आमच्याकडे होती म्हणून ते अध्यक्ष झाले होते. ती एप्रिलमध्ये सातवी पास होऊन गेली. धाकटा वेदांत पिवळ्या व्हॅनमध्ये. म्हणजे ज्या शाळेचं वातावरण ते राखत होते, त्या शाळेत त्यांचं आता कुणीच नव्हतं. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. बाकीच्या सदस्यांचंही थोड्याफार फरकाने तेच.

पालकसभेला लाईनीतल्या बायका धुतलेल्या साड्या नेसून आल्या आणि व्हरांड्यात खाली बसल्या. गावातले मोजके पालक भिंतीला टेकून उभे. भाऊ खुर्चीत. त्यांनी सुरुवातीलाच विषय काढला, "बाहेरच्या लोकाईनं गावच्या शाळेत..."

खिचडीचा डाव हातात घेऊन दुर्गाबाई दारात उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "भाऊ, आमी तेलंगणात मिरची तोडाले जातो तवा आमचे लेकरं कोणत्या गावचे रायते? तुमचा भाऊ बी यंदा सहकुटुंब तिकडंच गेला ना?"

इथे लोकांना लाज वाटली आणि मनं बदलली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. कोणीतरी म्हणालं, "चहा आणा रे," आणि विषय पुढे गेला.

मग मी नियम वाचून दाखवला. हळू, मराठीत आणि हिंदीत.

खेमराजभाऊ थोडे पुढे वाकले. "मंजे... मी नाही?"

"भाऊ, तुमची मुलगी सातवी पास झाली. अभिनंदन."

"पण मी अध्यक्ष हाओ."

"होतात."

लाईनीतल्या बायकांत कुजबुज झाली आणि सुखमतीचं नाव पुढे आलं. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. ते उठले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात मला म्हणाले, "मॅडम, सभा सोमवारी घ्या. एवढी मेहरबानी करा."

नियमाने मला ती तिथेच उरकता आली असती. पण मला सहावी हवी होती, आणि त्या माणसाच्या डोक्यात काय शिजतंय ते मला दिसत होतं. सभा सोमवारवर ढकलली.

सोमवारी सकाळी पिवळी व्हॅन हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली. प्रार्थनेच्या वेळी भाऊ मोटरसायकलवर आले, मागे वेदांत, गळ्यात अजून टाय. "सर, तिसरीत घ्या याले," ते म्हणाले, जणू चौकशीला आलो आहोत अशा आवाजात. अध्यक्षांचा पोरगा उतरला म्हटल्यावर जुने सदस्य मागे कसे राहतील? त्यांनाही त्यांच्या खुर्च्या होत्या. आठवडाभरात व्हॅनवाला गावात यायचा बंद झाला. गुणवत्तापूर्ण शिक्षण या विषयावर मी त्या गावात कित्येक भाषणं दिली होती. एक पोर व्हॅनमधून उतरलं नव्हतं.

त्याच सोमवारी सभा झाली. मतं लाईनीची जास्त होती. मी सुखमतीकडे पाहिलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "भइया ला रहन दव. अफसर मन संग झगरा करे बर हमन ला नइ आवय. एला आथे." भाऊंनाच राहू द्या, अधिकाऱ्यांशी भांडणं आम्हाला जमत नाही, याला जमतं.

भाऊ अध्यक्ष झाले, सुखमती उपाध्यक्ष. ज्यांना त्यांनी हाकललं होतं त्यांनीच त्यांना निवडून दिलं, तेही त्यांच्या भांडकुदळपणावर विश्वास ठेवून. भाऊंनी आभाराचं भाषण केलं आणि त्यात 'आपली लेकरं' हा शब्द तीनदा आला.

सप्टेंबरअखेर पट भरला. सहावी राहिली. दुर्गाबाईने त्या दिवशी खिचडीत तेल जरा सढळ घातलं. प्रतीक्षा पहिल्या बाकावर बसून लाईनीतल्या दोघींना अपूर्णांक समजावत होती. ते बघून मला व्हरांड्यात रडू आलं, ते मी मेश्राम सरांना दिसू दिलं नाही. साहेबांचा फोन आला, "बघा, मी म्हणालोच होतो, घ्या म्हणून."

आता तर मजा वेगळीच आहे. उन्हाळ्यात कॉलेजचे प्राध्यापक माहितीपत्रकं घेऊन लाईनीत फिरतात. त्यांच्याकडेही कला शाखेत मुलं नाहीत, तास कमी झाले की त्यांचीही पदं जातात. गावची पोरं नागपूरला निघून गेलेली. मराठी विषयाच्या एका सरांनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्या त्या छत्तीसगडी मुलांपैकी बारावीपर्यंत कोणी पोहोचेल का हो?" मी म्हटलं, जरा धीर धरा, सातवीत आहेत.

पण खरी गोष्ट पट भरला त्याच शैक्षणिक वर्षातल्या फेब्रुवारीतली. ठेकेदाराचं एक काम संपलं आणि अर्धी लाईन दुसऱ्या जिल्ह्यात हलायची ठरली. मेश्राम सरांचा घाबराघुबरा फोन आला. ही पोरं गेली की पुढच्या वर्षी पुन्हा तेच गणित, आणि प्रतीक्षाची सातवी गेली.

मी पोहोचले तेव्हा खेमराजभाऊ माझ्या आधी लाईनीत होते. टिनाच्या खोलीसमोर चक्क हात जोडून उभे. समोर सुखमती पेटी बांधत होती.

"बाई, असं करू नका. परीक्षा तोंडावर हाय. माझ्या धानाच्या गोदामात राहा ना, लाईट-पाणी माझ्याकडं. घरवाल्याले जाऊ द्या कामावर, लेकरं अन् तुमी इथं राहा."

सुखमती पेटीची दोरी आवळत राहिली. भाऊंनी मग मला बाजूला घेतलं. अध्यक्षपदाचं काहीतरी बोलतील असं मला वाटलं.

"मॅडम, वेदांत कालपासून जेवून नाही राहिला. हिचा रोशन अन् तो एका बाकावर बसते. रोशन गेला त मी बी शाळेत नाही जात, म्हणून राहिला. तुमी समजावा ना हिले."

मला समजावावं लागलं नाही, तिने ऐकलं होतं. पेटीची दोरी सुखमतीने सोडली. चार कुटुंबांतली बायका-लेकरं गोदामात राहायला गेली. पुढे लाईनीत नवी माणसं आली आणि त्यांची पोरं भाऊंनी स्वतः शाळेत आणून घातली. प्रतीक्षा सातवीत गेली.

मी निवृत्त झाल्यावरही मला प्रशिक्षणांना बोलावतात. विषय ठरलेला, शाळेत समाजाचा सहभाग कसा वाढवावा. पडद्यावर दाखवायला मोठमोठ्या आकृत्या दिलेल्या असतात. मी त्या दाखवते, मानधन घेते आणि शेवटी माझं एक वाक्य सांगते, जे कोणी लिहून घेत नाही. माणसाला शाळा आपली वाटावी असं वाटत असेल, तर त्याचं पोरगं आत बसवा, आणि शक्यतो त्याच्या शेजारी दुसऱ्याचं.