सुम्याला पुढच्या गल्लीतून

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी माझ्या मित्राला मागच्या ओहोळातून नेला.

गुडघाभर चिखल. वरून पाऊस. खांदेकरी घसरतायत, तिरडी वाकडी होतेय.

आणि पुढून सिमेंटची गल्ली. रुंद. थेट नदीवर जाते.
ती रिकामी.

सुमेध. आमचा सुम्या. गाव आमचं धसईच्या पुढे, नाव लिहीत नाय, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. सुट्टीला गेला होता, मुरबाड रोडला डंपरनं बाईक उडवली. मी अहमदाबादला साईटवर. निघालो तोवर इकडे सगळं उरकलं होतं.
मी फक्त व्हिडिओ बघितला. कोणीतरी ग्रुपवर टाकलेला. आजपण फोनमध्ये आहे.

आमी दोघं तिकडे अहमदाबादला पीओपीचं काम करायचो. छताचं. दिवसभर मान वर, डोळ्यात पावडर.
रविवारी रूमवर मला बसवत नाय. सुम्याला मोबाईलमध्ये एक टूर सापडलं. जुन्या शहरात जायचं, कानात इयरफोन, एक बाई हिंदीत सांगणार. इथे वळा. इथे थांबा. फुकट.

इयरफोन एकच. डावा त्याला, उजवा मला. वायर आखूड, म्हणून चिकटून चालायचं. लोक बघायचे.

बाई म्हणायची, अब ऊपर देखिए, लकडी की नक्काशी.
सुम्या म्हणायचा, "बाई, रविवारी तरी मान खाली राहू दे की."

तिकडे जुन्या गल्ल्यांना पोळ म्हणतात. प्रत्येक पोळीला मोठा दरवाजा. बाई कौतुकानं सांगत होती, रात्री दरवाजा बंद व्हायचा, आतले लोक निवांत झोपायचे.
सुम्यानं तिथेच पॉज केलं.
"आणि बाहेर कोण राहायचं? ते सांग की गो."
"अरे ती रेकॉर्डिंग आहे, येड्या."
"म्हणून तर विचारतोय. खरी असती तर बोलली असती काय?"

मी नववीत शाळा सोडली. इतिहास मला कधी कळला नाय. पण त्या पोळीतून फिरताना सुम्या जे विचारायचा ते कळायचं.

मग एका रविवारी तो बोलला, दिग्या, आपण आपल्या गावाचं टूर बनवू.
आणि चहाच्या टपरीवर बसून त्यानं बनवलं पण. माझ्याच फोनवर रेकॉर्ड केलं, त्या बाईच्या आवाजाची नक्कल करत.

"नमस्कार. आता एसटीतून उतरा. डोक्यावर हात ठेवा, वरची पिशवी पडते. समोर भजीवाला. तेल कालचं आहे, तरी खा. आता पुलावरून चाला. ह्या ऐतिहासिक दगडावर बसून दिग्यानं पहिली बिडी ओढली आणि बापाचा मार खाल्ला."

मी हसून हसून चहा सांडला.

पुढे त्याचाच आवाज येतो. बाईचा नाय.

"आता गल्लीच्या तोंडाशी थांबा. ह्या गल्लीतून आमी रोज जातो. दुकानात जातो. गणपतीत नाचतो. तिसरं घर दिग्याचं, तिथे जेवतो. पण आमच्यातलं कोणी मेलं की इथून नाय. मागून. ओहोळातून. का ते विचारू नका, गाईडला पण कोणी सांगितलेलं नाय."

मग टपरीवाला चहाचे ग्लास मागतो आणि क्लिप संपते.

गेल्या वर्षी मी बाबांना फोन केला. भांडलोच.
"बाबा, त्याला पुढून का नाय आणला?"
"कोणी अडवला नाय रे. तेच मागून गेले."
"तुमी बोललात काय, पुढून या म्हणून?"
"तू जेवलास काय?"
"बोललात काय?"
"असं कोण बोलतं काय? पहिल्यापासून तसंच आहे."

बस. एवढंच.
काठी नाय, शिवी नाय, भांडण नाय. सगळे आपापल्या दारात उभे. हळहळले पण. पोरगा चांगला होता बोलले.
आणि चांगला पोरगा चिखलातून गेला.

माझ्या ताटात जेवलेला माणूस रे तो. माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्लेला. जिवंत होता तोवर गल्ली चालली. मेल्यावर काय बदललं त्याचं?

मला राग त्या डंपरवाल्याचा आहेच. पण तो अनोळखी होता.
तुमी ओळखीचे होतात.

आज त्याचं वर्षाचं पुण्यानुमोदन. दुपारी विहारात. मी काल रात्रीच्या गाडीनं निघालोय, हे मुरबाड स्टँडवर बसून लिहितोय. साईटवरचा साहेब बोलला, गेलास तर परत येऊ नको. नाय येत.

त्याच्या आईला फोन केला. मावशी, विहारातून फोटो उचलतो, गल्लीतून नदीपर्यंत नेतो, चालेल?
मावशी म्हणाली, "फोटो हलका असतो रे बाळा. तुझ्या बापाला जड जाईल, ते बघ."
मी बोललो, बघतो.
"मग मी पण येते. चप्पल घालून येते. त्या दिवशी माझी चिखलातच राहिली."

सुम्याची ती क्लिप गावातल्या सगळ्यांना पाठवलीय. ज्याला यायचं त्यानं विहारातलं झालं की एसटी थांब्यावर उभं राहायचं, फोटो घेऊन मी तिथेच येतो. इयरफोन एकाच कानात घालायचा, दुसरा कान मोकळा ठेवायचा. सुम्या सांगेल तसं चालायचं. गल्लीच्या तोंडाशी त्याचा आवाज थांबेल. तिथून पुढे आपण न्यायचं.

बाबा, तुमी हे ताईच्या फोनवर वाचाल. तिसरं घर आपलं आहे. दारात उभं राहायचं तर राहा, आत जायचं तर आत जा. खाली उतरून खांद्याला आलात तर मागचं काय बोलणार नाय.

पण आज तो पुढून जाणार.

चल सुम्या. डावा कान तुझा.
जय भीम.