त्यांचं हत्तां आणि माझं नंतर

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ मला अजून उमगत नाही, आणि अक्षर असं की नवऱ्याला दिलेली सामानाची यादी मलाच वाचून दाखवावी लागते. शिवाय माझी ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरते. आमच्या घरमालकांनी ती एकदा पाहिली आणि म्हणाले, "छान आहे, ताई. लँडिंग असंच सावकाश करायचं असतं." मला लिहायचंय ते त्यांच्याबद्दलच. जमिनीवर इतका अवघडून राहणारा दुसरा माणूस अख्ख्या चेन्नईत सापडायचा नाही. आताही मी पंख्याखाली बसून लिहितेय आणि वर गच्चीत त्यांच्या चपला वाजताहेत. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, पुन्हा इकडे.

लग्न होऊन मी फलटणहून अंबत्तूरला आले. नवरा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. तमिळचा एक शब्द येत नव्हता, म्हणून घरमालक मराठी आहेत हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. त्यांचं मराठी ऐकल्यावर तो लगेच भांड्यातून बाहेर आला. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावूरला आले, येताना जे मराठी आणलं ते या लोकांनी जपून ठेवलं, वरून तमिळची फोडणी दिली. 'सगळे'ला ते 'अस्की' म्हणतात आणि 'आत्ता'ला 'हत्तां'. आमचा टेम्पो दारात थांबला तेव्हा ते आभाळाकडे बोट दाखवून ओरडले, "अस्की सामान हत्तां वर न्या! हत्तां!" आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता. मला वाटलं रागावलेत, मी मान खाली घालून उभी राहिले. गादी जिन्यात होती तेवढ्यात सर आली आणि आम्ही पहिले काही दिवस चटईवर झोपलो. तेव्हापासून हा शब्द मी रोज ऐकतेय. ते आयुष्यभर हत्तां म्हणत आलेत आणि मी आयुष्यभर नंतर म्हणत आलेय. तळमजल्यावर हत्तां राहतं, पहिल्या मजल्यावर नंतर.

त्यांना बसता येत नाही. लग्नाच्या पंगतीतही ते सांबार येईपर्यंत दोनदा उठून वारा बघून येतात. स्कूटरवर बसण्याआधी तिला पूर्ण प्रदक्षिणा घालतात आणि मोठ्याने स्वतःलाच विचारून स्वतःच उत्तर देतात, "आरसा? आहे. ब्रेक? आहे. दिवा? आहे." एकदा असं सगळं साग्रसंगीत करून ऐटीत निघाले आणि गल्लीच्या टोकाला बंद पडले. स्कूटर ढकलत परत आले तेव्हा त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दारातच उभ्या होत्या. त्यांनी एकच शब्द विचारला, "पेट्रोल?"

"ते विमानाच्या यादीत आहे," घरमालक म्हणाले आणि स्कूटर ढकलत पंपाकडे गेले.

फोनवर ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणतात. काकूंना त्याचा फार राग येतो. "यांचं ओव्हर झालं की माझी कोथिंबीर सांगायची राहते," असं त्या म्हणतात.

हे सगळं विमानामुळे. नोकरीत असताना ते विमानं चालवायचे, आणि नोकरी संपल्यावरही खाली उतरायला तयार होईनात. मग त्यांच्यासारखेच चार-पाच जण जमले. तेही धरून दोन निवृत्त वैमानिक, एक मेकॅनिक, एक दातांचे डॉक्टर. सगळ्यांनी मिळून एक जुनं, छोटं विमान घेतलं आणि शहराबाहेरच्या एका धावपट्टीवर ठेवलं. त्यांच्या संस्थेचं नाव इंग्रजीत आहे, लांबलचक. मी मंडळच म्हणते. किनाऱ्याला वादळ येऊन गेलं की मंडळ वरून फिरून कुठल्या गावाला पाणी वेढलंय ते सरकारी माणसांना कळवतं. रस्ता तुटला तर औषधं पोचवतं. पगार कुणालाच नाही. आणि रविवारी सरकारी शाळेतली मुलं बोलावतात, त्यांना ढग, वारा, नकाशा शिकवतात, आणि शिकून झालं की प्रत्येकाला एक फेरी. फेरीचा एक रुपया घेतात. "फुकट नेलं तर पोरं डोळे मिटून बसतात," घरमालक सांगतात. "रुपया दिलेलं पोर खिडकी सोडत नाही."

वाऱ्याचा पहिला धडा आमच्याच गच्चीत होतो. त्यासाठी काठीला कापडी पिशवी लावायची होती, वारा भरला की आडवी होणारी. काकूंनी ती मला शिवायला सांगितली आणि मी माझा जुना केशरी परकर कापून शिवून दिली. कुणाला कळणार आहे, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी एका मुलीने विचारलं, "सार, वारा कुठून येतोय ते कसं ओळखायचं?" घरमालक तमिळमध्ये गरजले, "वरच्या अक्काची पावाडै बघ!" पावाडै म्हणजे परकर, हे मला मुलं हसली तेव्हा कळलं. तो दिवस मी दार लावून काढला. परकर अजून तिथेच फडफडतोय आणि त्याच्याकडे बघून शिकलेली एक मुलगी आता खरोखरची वैमानिक झालीय.

पण माझी खरी फजिती अंघोळीची. इथे देवळाच्या गाभाऱ्यावर जे शिखर असतं त्यालाही विमानच म्हणतात, आणि दर काही वर्षांनी त्याच्यावर कलशांनी पाणी ओतून मोठा सोहळा करतात. आमच्या गल्लीतल्या अम्मनच्या, म्हणजे देवीच्या, देवळात त्याची तयारी चालली होती. शेजारणी दुसरं काही बोलत नव्हत्या. अशात घरमालक जिन्यातून ओरडले, "ताई, रविवारी विमानाची अंघोळ! अस्की येतात, तुम्हीही या." मी उपास धरला. लग्नातला शालू नेसले, नारळ घेतला, फुलं घेतली, देवापुढे ठेवायला एक रुपया पदराच्या टोकाला बांधला. मंडळाची गाडी देवळावरून पुढे गेली तेव्हा वाटलं, दुसरं मोठं देऊळ असेल. गाडी शहराबाहेर गेली तेव्हा वाटलं, जागृत असेल. उतरले तर समोर ते चिखलाने माखलेलं पांढरं विमान, आणि हाफ पँटमधल्या दातांच्या डॉक्टरांनी माझ्या हातात बादली आणि फडकं दिलं. मला कुठे तोंड उघडता येतं! शालू खोचला आणि शेपटी धुवायला घेतली. शेवटी घरमालकांना नारळ दिसला.

"हे कशाला?"

"अभिषेकाला," मी म्हटलं.

ते हसायला लागले. हसता हसता खाली गवतावर बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग उठून नारळ विमानाच्या चाकापुढे फोडला, आणि तेव्हापासून नारळाशिवाय मंडळाच्या विमानाची अंघोळ होत नाही.

"आज तुमचा मान," ते म्हणाले. "बसा. हत्तां एक फेरी."

"नंतर," मी म्हटलं.

"मग रुपया देऊन ठेवा. जागा तुमची."

मी पदराची गाठ सोडून देवाचा रुपया त्यांना दिला.

त्यानंतर किती वर्षं जिन्यात भेटले की त्यांचं सुरू, "ताई, रुपया माझ्याकडे पडलाय. हत्तां?" कधी माझे सांडगे वाळत असायचे, कधी नवऱ्याची पाळी बदललेली असायची, कधी मुलीची परीक्षा. खरं म्हणजे भीती वाटायची. आणि त्याहून जास्त लाज, की एवढं मोठं यंत्र माझ्या एकटीसाठी सुरू करायचं!

मग यंदा तपासणीच्या डॉक्टरांनी त्यांना अडवलं. वैमानिकाला तब्येतीचा दाखला लागतो, आणि त्यांच्या हृदयाचा ठोका मध्येच चुकायला लागला होता. "हृदयही माझ्यासारखंच. एका जागी बसत नाही," असं ते सगळ्यांना हसून सांगत होते, पण गच्चीतल्या चपला दिवसभर थांबत नव्हत्या. काकू मला हळूच म्हणाल्या, "जेवतही नाहीत गं." जुना दाखला महिनाअखेरपर्यंत चालणार होता. ते जिना चढून वर आले, आमच्या दारात उभे राहिले. ओरडले नाहीत. "ताई, महिना संपला की मी पण प्रवासी. मी घेतलेले अस्की रुपये फिटले. तुमचा एकच राहिलाय."

मी म्हटलं, "रविवारी येते."

तो शेवटचा रविवार. पदराला चार पिना लावल्या. दोन दिवसांपूर्वी खाली दक्षिणेला वादळ येऊन गेलं होतं, पण आमच्याकडे आभाळ स्वच्छ होतं. गच्चीतला परकर आडवा, नीट एका दिशेला. धावपट्टीवर घरमालकांनी विमानाला प्रदक्षिणा घातली, माझ्यासाठी दार उघडलं, मी एक पाय वर ठेवला आणि दातांचे डॉक्टर पळत आले. किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या दवाखान्यातून फोन होता. पुराच्या पाण्याबरोबर साप घरांत शिरले होते, लस संपली होती आणि रस्ता वाहून गेला होता. लसीची बर्फातली खोकी गाडीत येतच होती. मंडळाचा दुसरा वैमानिक गावी गेलेला.

घरमालक माझ्याकडे बघायला लागले. त्यांना नेहमी घाई असते, पण तेव्हा ते नुसते उभे राहिले.

"ताई, तुमची जागा..."

"खोकी चढवा," मी म्हटलं. "हत्तां."

माझ्या तोंडून तो शब्द कसा आला, मला माहीत नाही. खोकी सीटवर रचली आणि माझ्यासाठी काढलेला पट्टा मीच खोक्यांवर आवळला. घरमालक आत बसून यादी म्हणायला लागले. "पेट्रोल? आहे. दार? आहे. प्रवासी?" तिथे ते अडखळले.

"आहेत," मी बाहेरून म्हटलं.

विमान धावत गेलं, उठलं, समुद्राच्या बाजूला वळलं. लस वेळेत पोचली. ते संध्याकाळी उतरले आणि विमानाची किल्ली दातांच्या डॉक्टरांच्या हातात दिली.

आता ते मुलांना जमिनीवरूनच शिकवतात. विमान ती परकराकडे बघून शिकलेली, आता मंडळात आलेली मुलगी चालवते. परवा ते म्हणाले, "तिच्याबरोबर जा, ताई. माझ्यापेक्षा चांगली उतरवते." मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. खिशातून रुपया काढला आणि माझ्यापुढे धरला.

"मग हा घ्या. मी नेणार म्हणून घेतला होता."

असू दे तुमच्याकडे, असं म्हणायचं होतं. पण मी हात पुढे केला. आता त्यांच्याकडे माझं काहीही येणं नाही.