चाक वळलं, गाडी वळली नाही

मोटारसायकलला मागे दोन चाके जोडून केलेली तीनचाकी रस्त्यात दिसली, की माझी नजर आधी तिच्या मागच्या बाजूला जाते. निवृत्त झालो तरी ही सवय सुटलेली नाही. ती मला भूम तालुक्यातल्या एका चढाच्या वळणाने लावली.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. त्या भागात वस्त्यांवरचे दूध सकाळी खव्याच्या भट्ट्यांवर जाते. ते गोळा करणाऱ्यांपैकी एकाचा पाय कडबा कुट्टीच्या यंत्रात गुडघ्याखाली गेला होता. त्याने रीतसर मंजुरी घेऊन आपली मोटारसायकल तीनचाकी करून घेतली होती. ती गाडी हेच त्याचे पाय होते.

एका सकाळी त्या वळणावर त्याची गाडी वळलीच नाही. ती सरळ पुढे जाऊन एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या एका मावशींवर आदळली. मावशींचा पाय मोडला, शुद्धही हरपली. त्यांच्या मुलाने फिर्याद दिली, "दारू पिऊन भरधाव चालवत होता."

वैद्यकीय तपासणीत दारू निघाली नाही. राहिला वेगाचा आरोप. गाडी ठाण्याच्या आवारात आणली आणि मोटार वाहन निरीक्षकांना बोलावले. निरीक्षक बाई कामाच्या पक्क्या होत्या. मला प्रत्येक कामाची यादी करायची खोड. त्यांनाही तीच असल्याचे पाहून बरे वाटले. तिन्ही टायरची हवा पाहिली. पुढचे चाक अधांतरी धरून हॅण्डल अडते का, खिळखिळे आहे का, ते पाहिले. मागचा आस तिरका बसला आहे का, हे दोरी लावून तपासले. ब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखा लागत होता. मग त्यांनी स्वतः चालवून पाहिली. गाडी कुठल्याही बाजूला ओढत नव्हती आणि वळतही होती.

"गाडीत दोष नाही," त्या म्हणाल्या. "मग दोष चालवणाऱ्याचाच उरतो."

तसा अहवाल गेला तर त्याचा परवाना जाणार, हे उघड होते. परवाना गेला की घरी बसणे आले.

मी त्याला समोर बसवले.

"ब्रेक दाबलास?"

"दाबला की साहेब."

"हॅण्डल फिरवलंस?"

"फिरवलं."

"मग गाडी का गेली?"

"गेली माज्या हातून. काय लिवायचं ते लिवा."

खोटे बोलणारा फार बोलतो, असा माझा अनुभव आहे. कमी बोलणारा बहुतेक वेळा कुणाला तरी झाकत असतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. पलीकडचा माणूस एवढेच म्हणाला, "त्या गाडीला मागनं पिंजरा व्हता. त्यो कुठं गेला ते बघा," आणि फोन ठेवला.

मी पंचनामा पुन्हा वाचला. रस्त्यावर दूध सांडल्याची नोंद होती, पण कॅनची नव्हती. आमचे हवालदार त्याच भागातले. त्यांना विचारले तर ते हसले.

"साहेब, दूध फाटायच्या आत भट्टीला गेलं आसंल. हितं माणूस पडला तर त्याला दवाखान्यात धाडत्यात, दूध भट्टीला धाडत्यात, आन् मग पोलिसाला फोन करत्यात."

तसेच झाले होते. लोकांनी आधी मावशींना जीपमध्ये घातले. मग कॅन ज्या पिंजऱ्यात होते तो पिंजराच नटबोल्ट काढून टेम्पोत चढवला. कुणाच्या मनात पाप नव्हते. पुरावा लपवतो आहोत, हे कुणाच्या ध्यानीही आले नव्हते. पण आम्ही तपासली ती गाडी अपघाताच्या वेळची गाडीच नव्हती. पिंजरा भट्टीच्या मागे मिळाला.

तिथून मी सरकारी दवाखान्यात गेलो. मावशी आता शुद्धीवर होत्या, पाय प्लास्टरमध्ये.

"तुमी समद्यांला इचारताव," त्या म्हणाल्या. "धडक मला बसली, मला इचारा की!"

"सांगा मावशी."

"त्यानं आरडून हॅण्डल फिरवलं. म्या डोळ्यानं बघितलं. चाक वळलं, पर गाडी वळली न्हाय."

मुलगा चिडला. "आई, तू कुणाच्या बाजूची हाईस?"

"माज्या पायाच्या. मोडलाय त्यो माजाच हाय. आन् दोडक्यावानी तोंड करू नगंस."

मी जबाब त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला.

पिंजरा ठाण्यात आणलेला पाहून गाडीवाल्याचा चेहरा उतरला. "साहेब, त्यो म्याच जोडलाय," तो घाईने म्हणाला. दारात त्याचा मेव्हणा उभा होता. त्याचे वेल्डिंगचे दुकान होते.

"दाजी, खोटं कशाला बोलताव? वेल्डिंग माज्या हातचं हाय. दोन कॅन जास्तीचे बसावं म्हणून म्याच मागं लांबवला."

"फोनबी तुझाच व्हय रं?" हवालदारांनी विचारले. त्याने मान खाली घातली.

पिंजरा पुन्हा बसवला, कॅन पाण्याने भरले आणि गाडी टेम्पोत घालून त्याच वळणावर नेली. उतरवल्यावर हवालदारांनी पुढचे चाक एका हाताने सहज उचलले. सगळे ओझे मागच्या आसाच्याही मागे लटकत होते. चढावर ते आणखी मागे ओढत होते. निरीक्षक बाईंनी अगदी हळू गाडी चढवली आणि हॅण्डल पूर्ण वळवले. चाक रस्त्यावरच्या वाळूत आडवे घासत राहिले, गाडी मात्र सरळ पुढे गेली.

त्या उतरल्या. "आता लिहिते," म्हणाल्या.

आम्ही दोषारोपपत्रात घडले तेवढेच लिहिले: विनापरवानगी पिंजरा जोडून ओझे चुकीच्या जागी वाहिले. न्यायालयात त्याने ते कबूल केले. शिक्षा झाली, पण परवाना राहिला. मेव्हण्याने पिंजरा कापला, कॅन आसाच्या पुढे आणले आणि ते तपासूनही घेतले.

या प्रकरणाने मला शिकवले, की वस्तू जशी समोर आली तशी तपासू नये. घटनेच्या क्षणी ती जशी होती तशी करून मग तपासावी. आणि ज्याला लागले त्याला आधी विचारावे. पण शिकण्यापेक्षा ऋणाचीच भावना मोठी आहे. स्वतःला अडकवणारा फोन करणारा मेव्हणा, स्वतःचा निष्कर्ष बदलायला न कचरणाऱ्या निरीक्षक बाई आणि मोडक्या पायानेही खरे तेच सांगणाऱ्या मावशी नसत्या, तर न केलेल्या गुन्ह्यासाठी एका माणसाचे पाय माझ्या हातून दुसऱ्यांदा गेले असते.

बदली होऊन निघालो, तेव्हा त्याच वळणावर आमची जीप थांबवावी लागली. समोरून तीच तीनचाकी येत होती. गाडीवाल्याच्या मागे, हातात काठी घेऊन, मावशी बसल्या होत्या. बाजाराला निघाल्या असाव्यात. मला ओळखून त्यांनी काठी उंचावली.

"साहेब," त्या ओरडल्या, "आता वळती बगा!"