हेडफिटर न झालेले धुडकूआप्पा

शहाद्याच्या जिनिंगमध्ये मी काट्यावर कापूस मोजायचो आणि धुडकूआप्पा इंजिनावर फिटर होते. ब्राह्मणपुरी गावात आमची घरं समोरासमोर, त्यामुळे सायकली बरोबरच निघायच्या. आप्पा कामाला वाघ, पण चारचौघांत उभं केलं की गोगलगाय. इंजिन रुसलं तर त्याला मनवायचे, आणि माणसाशी बोलायची वेळ आली की खाली मान घालून हात पुसत बसायचे.

अठ्ठावन्न साली दसऱ्याच्या आधी जुन्या हेडफिटरनं थकून काम सोडलं. ती जागा म्हणजे नुसता पाना फिरवणं नव्हे. सगळ्या फिटरांना कामं वाटून द्यायची, दुसऱ्याच्या हातून बिघडलं तरी मालकासमोर आपण उभं राहायचं. मॅनेजरसाहेब थेट आप्पांकडे आले.

"धुडकूआप्पा, हेडफिटर तुम्ही व्हा."

आप्पांनी हात जोडले. "नही साहेब, मन्हाघाई व्हवाव नही. दुसरा कोणी देखा."

आता आमच्याकडचं पहिलं 'नाही' कोणी खरं धरत नाही. पंगतीत पाहुणा पानावर हात आडवा धरतो, वाढणारा दोनदा गळ घालतो, तिसऱ्यांदा पोळी पडली की पाहुणा मुकाट्यानं खातो. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा हावरट ठरतो. आप्पा पुढच्या आग्रहाची वाट बघत उभे राहिले. पण साहेब सोलापूरकडचे, नवीन आलेले. "बरं, तुमची मर्जी," म्हणाले आणि निघून गेले. दिवाळीच्या आत बाहेरचा माणूस त्या जागेवर आला.

झालं! तेव्हापासून आप्पांच्या तोंडी एकच रड. साहेबानं आणखी एकदा विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. सायकलवर मला तेच, घरी बायकोला, मीनाकाकूंना, तेच. काकूही साहेबाचा उद्धार करायच्या. माणसाला रीतभात नाही, म्हणायच्या. मलाही ते पटायचं. नवा हेडफिटर एखादं काम उरकून हसत बाहेर पडला की आप्पांचा चेहरा बघवत नसे.

मग पासष्ट साली तो हेडफिटर घरच्या अडचणीमुळे परत गेला. एवढ्या वर्षांत साहेब आमच्याकडची कितीतरी लग्नं जेवले होते. ते पुन्हा इंजिनघरात आले. मी काट्यावरून उठून दारातच जाऊन उभा राहिलो.

"आप्पा, हेडफिटर व्हा."

"नही साहेब."

मला हसू फुटलं. चला, गाडी रुळावर आहे, म्हटलं.

"अहो, तुमच्याशिवाय कोण आहे? व्हा."

"दोधू शे ना. तो पोरगा हुशार शे."

दोधू म्हणजे आप्पांच्याच हाताखाली तयार झालेला, रात्रपाळीचा फिटर. साहेबही हसले. "आप्पा, तुमच्या रीतीनं तिसऱ्यांदा विचारतोय. आता तरी हो म्हणा."

इंजिनघरातले सगळे फिटर बघत होते. आप्पांचे ओठ हलले. मी मनातल्या मनात म्हणत होतो, अरे बाबा, बोल, एक शब्द बोल! आप्पांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला कान द्यावे लागले.

"नही साहेब. खरंच नही."

साहेबांनी दोधूला बोलावणं धाडलं. मला आप्पांचा इतका संताप आला की गाव येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. वेशीपाशी तेच सायकलवरून उतरले.

"माले वाटे, कोणी आग्रह कया का मंग धीर यी," ते म्हणाले. "तीनदाव इचारं रे त्यानी. धीर उनाच नही." आग्रहानंही त्यांना धीर आला नव्हता.

दोधू हेडफिटर झाल्याची बातमी घरी आधीच पोहोचली होती. मीनाकाकू दारात उभ्या होत्या.

"साहेबनी परत इचारं का?"

आप्पा ओट्यावर बसले आणि आम्हा दोघांदेखत रडले. काकूंना काय ते कळलं. इतकी वर्षं त्या घरानं साहेबाच्या नावानं बोटं मोडून दिवस काढले होते. आता बोटं मोडायला साहेबही उरला नाही.