पालथी चरवी

गुरलिंगप्पा मागितल्याशिवाय दूध काढत नसत. म्हशीखाली बसायचे, चरवी शेजारी पालथी ठेवायचे आणि कपाळ तिच्या पोटाला टेकवून म्हणायचे, "दे माय, मागून ऱ्हायलो." कपाळावरची विभूती म्हशीच्या पोटाला लागायची. तिने पान्हा सोडला की मगच चरवी सुलटी व्हायची. "देनाऱ्याच्या पुढं आधीच भांडं धरू न्हाई, साहेब. बरं दिसत न्हाई."

मी तेव्हा रेणापूरला जनावरांचा डॉक्टर होतो. लातूर जिल्हा नवाच झाला होता. पाट्यांवर जुनं नाव खोडून नवं लिहिलं होतं. पाणी दोन्ही नावांना नव्हतं. दवाखान्यामागेच गुरलिंगप्पांचं, म्हणजे आप्पांचं घर, दारात त्यांची ती म्हैस, चंदी. दर सोमवारी तिच्या दुधाचा तांब्या महादेवाला जायचा.

त्या दुष्काळात चंदीचं रेडकू मेलं आणि तिने पान्हा चोरला. नेमकी तेव्हाच आप्पांची लेक बाळंतीण होऊन माहेरी होती. जुळी पोरं, आणि तिच्या अंगावर दूध पुरेना. लोक म्हणाले, रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवा. आप्पा म्हणाले, "लेकरू गेलंय तिचं. फसवू कसं?" आठ दिवस ते नुसते तिच्याखाली बसून उठत होते.

मीच पान्ह्याच्या इंजेक्शनची बाटली घेऊन गेलो. नवी डिग्री, नवी नोकरी. सगळ्यावर औषध आहे असं वाटायचं वय.

"लेकीलाबी पान्हा येत न्हाई," आप्पा म्हणाले. "तिला टोचताव का?"

मी हसलो. "चारच दिवस, आप्पा."

आत पोरांनी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आप्पांनी सुईसाठी हात पुढे केला.

दोन मिनिटांत चरवी भरू लागली. पोरं जगली, हे खरंच. पण चरवी पालथी ठेवणं संपलं, मागणं संपलं आणि सोमवारचा तांब्याही बंद झाला. मी विचारलं तर म्हणाले, "हिसकलेलं महादेवाला कसं वाहू?"

चार दिवस म्हणता म्हणता सुई उन्हाळाभर चालली. पाऊस आला, हिरवा चारा आला, तरी सुईशिवाय चंदी थेंब देईना. मग आटली, आणि पुन्हा गाभण राहिलीच नाही. मी तपासलं, औषधं दिली, थकलो. रोजच्या सुईने असं होऊ शकतं, हे मला ठाऊक होतं. आप्पांना सांगितलं, दुष्काळाने झालं.

"असंल," ते म्हणाले. त्यांना कळलं होतं, असं मला आजही वाटतं.

भाकड म्हैस त्यांनी विकली नाही. एका संध्याकाळी पाहिलं तर आप्पा चंदीखाली बसलेले, कपाळ तिच्या पोटाला, शेजारी चरवी पालथी. मी म्हणालो, "आप्पा, आता दूध कुठलं?"

"दूध न्हाई, साहेब. तवा मागायचं ऱ्हायलं. ते मागून ऱ्हायलो."

दोन वर्षांनी आप्पा गेले. तिसऱ्या दिवशी लेकीने मला बोलावलं. चंदी चाऱ्याला तोंड लावत नव्हती. मी सुया-औषधांची पिशवी घेऊन गोठ्यात शिरलो. पिशवी दिसताच चंदी दावं ताणून भिंतीला चिकटली आणि थरथरू लागली. मी पिशवी अंगणात ठेवून आलो, आप्पांच्या जागेवर बसलो. चरवी तिथेच पालथी होती. मला काहीच मागता आलं नाही.