रूथबाईसाठी मागितलेली क्षमा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांनाही नाही. देवाला तरी सांगितलं का, म्हणाल? त्याच्यापुढेही मी शब्द निवडून बोलत आले. तुम्हाला मात्र सरळ सांगते.

सीताबर्डीच्या अलीकडे मिशनची मुलींची शाळा होती, तिथे मी मास्तरीण होते. बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेब हटकून मलाच उठवायचे. आवाज खणखणीत, भाषा शुद्ध, वचनं तोंडपाठ. मी घरून तालीम करून जायची – हो, प्रार्थनेची तालीम. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं ठरलेलं.

रूथबाई आमच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होती. नवरा गिरणीत, बाप्तिस्मा घेऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. त्या उन्हाळ्यात तिच्या मुलीला देवी आल्या. पोर मरणाच्या दारातून परत आली. त्यानंतरच्या बुधवारी रूथबाई पहिल्यांदाच सभेत उभी राहिली.

"देवा, मले बोलता येत नाही. पोरगी वाचली. मी कशी आहो, तुले माहीतच आहे."

एवढंच बोलून खाली बसली. बायका रडल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि मी? सात वर्षं मी तिथे प्रार्थना करत होते, माझ्या शब्दांनी कोणाचा डोळा ओला झाला नव्हता. मला तिचा हेवा वाटला. दुसरं काही नाही – हेवाच.

दोन दिवसांनी चुलीपाशी ती आपणहून बोलली. मुलगी तापानं फणफणत असताना शेजारणीच्या सांगण्यावरून ती मातामायच्या, देवीच्या रोगाच्या देवीच्या, देवळात नारळ ठेवून आली होती. तेच तिला खात होतं. "बाई, कोणाले सांगू नका," म्हणाली. मी तिचा हात हातात घेतला. नाही सांगणार, म्हटलं.

पुढच्या बुधवारी मी उठले, डोळे मिटले, आणि आमच्यातली एक बहीण लेकराच्या आजारात भिऊन परक्या वेदीपुढे वाकली, तिला क्षमा कर – असं प्रभूकडे मागितलं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज होती का? त्या उन्हाळ्यात मंडळीतलं एकच लेकरू आजारी पडलं होतं. बाकं करकरली, माना वळल्या, ते मला मिटल्या डोळ्यांनी कळलं. मला बरं वाटलं. आणि हे ओघात आलेलं नव्हतं – ते वाक्य मी आदल्या दिवशी घरी तीनदा म्हणून पाहिलं होतं.

मंडळीनं तिला प्रभुभोजनातून, चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीतून, वगळलं. मग बोर्डिंगातलं काम गेलं. शेवटी बिऱ्हाड हलवून कामठीला भावाकडे जायचं ठरलं, तेव्हा जाण्याआधी ती माझ्या दारात आली, मुलीला कडेवर घेऊन. मी काय ऐकायची तयारी केली होती, सांगू? शिव्या. त्या मला पेलल्या असत्या.

"तुमी मुद्दाम नाही केलं, बाई," ती म्हणाली. "माह्यासाठी मागता मागता तोंडातून निघून गेलं असन. मनाले लावून घेऊ नका."

मी म्हणाले, "हो, निघून गेलं."

तिनं मान डोलावली आणि पायऱ्या उतरली.

पुढे मी त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाले. सभेत प्रार्थना मीच करत राहिले. लोक वाखाणत राहिले. कामठी इथून गाडीनं अर्ध्या तासावर. रूथबाई तिथे अकरा वर्षं होती, तिथेच वारली. मी एकदाही गेले नाही.