भरलेली पिंपं

डोंगरातल्या पुकालोमा गावाच्या वरच्या आळीत मेल्चोरा तेनेसाकाचा शब्द कुणी मोडत नसे, आणि तेच आळीला नडलं.

सत्तावीस घरं, नळ एकही नाही. पाणी ओढ्यावरून. उतरायला पाव तास, भरला कॅन पाठीवर घेऊन चढायला पाऊण. मेल्चोरा बासष्टची, उजवा गुडघा कामातून गेलेला, आणि घरात आई अंथरुणाला खिळलेली. तिला रोज धुवायचं-पुसायचं म्हणजे चार खेपा. या नळासाठी मेल्चोराने अकरा वर्षं नगरपालिकेचे उंबरे झिजवले. शेवटी पत्र आलं: पाहणी समिती गुरुवारी येईल, आळ्या बघेल, ज्यांची गरज मोठी त्यांचं काम पुढच्या वर्षी आधी होईल.

मेल्चोराने लगेच मिंगा पुकारली. मिंगा म्हणजे घरटी एक माणूस फुकट कामाला, आणि नाही म्हणायची सोय नाही.

"पाहुणे यायचेत. दारात धूळ, पिंपं कोरडी, असं आपल्यात करतात का?"

"अगं बाई, कोरडी आहेत हेच तर दाखवायचंय ना?" शेजारीण उबाल्दिना म्हणाली.

"भिकाऱ्यासारखं? तुझ्या दारात तू काय ते कर. हात धुवायला पाणी न देता मी कुणाला जेवू घालणार नाही."

उबाल्दिनाने कॅन उचलला. मेल्चोरापुढे भल्याभल्यांचं काही चालत नसे.

दोन दिवस आख्खी आळी ओढा चढत-उतरत होती. सत्तावीस दारांतली पिंपं काठोकाठ भरली, रस्ता धुतला, कुंड्यांनासुद्धा पाणी घातलं. मानाचं जेवण म्हणून गिनीपिग भाजले, बटाटे उकडले, चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, माठ काढले. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले. पण हे लोक भांडं ताकाने भरून घेऊन गेले.

समितीत तिघं होते. त्यांतला इंजिनिअर मोंतेरो तरुण, गोड बोलणारा. मेल्चोराने स्वतः त्याच्या हातांवर तांब्याने पाणी ओतलं. तो दोनदा मागून जेवला. ओढ्याचं तिने सगळं सांगितलं, त्यानेही मान डोलावली. "जाऊन बघू या का?" असंही म्हणाला.

"छे छे साहेब, वाट निसरडी आहे. तुमचे बूट खराब होतील."

मग त्याने अहवालाचा कागद पुढे केला आणि तिने न वाचता सही केली. पाहुण्याचा कागद वाचून बघणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं.

महिन्याने सगळ्या आळ्यांच्या सभेत कामांची यादी वाचली. पहिलं काम चौकातलं कारंजं. वरच्या आळीचा नळ अठरावा. वर्षात कामं व्हायची फक्त तीन.

"अहो, आम्हाला पाणीच नाही!" मेल्चोरा उठून ओरडली.

कारकुनाने अहवाल काढला. "'प्रत्येक दारात भरलेलं पिंप. रस्ता धुतलेला. हात धुवायला मुबलक पाणी.' खाली सही कुणाची, बाई?"

"वाहून आणलं होतं ते! दोन दिवस!"

"मग तेव्हाच सांगायचं होतं."

खालच्या आळीचे लोक हसले. मेल्चोरा चुकली हे खरंच. पण ज्याला पिंपं दिसली आणि ती भरणाऱ्यांच्या पाठीवरचे वळ दिसले नाहीत, त्याच्या शिक्षणाला काय जाळायचंय?

कारंज्याच्या पाइपाचा चर मिंगानेच खणायचा ठरला. सगळ्या आळ्यांतून घरटी एक. जो येणार नाही, त्याला वर्षभर सभेत मत नाही. मेल्चोरा फावडं घेऊन आली. मत गेलं तर अठरावा नंबरही जायचा. दुपारी मोंतेरो काम बघायला आला. तिला चरात पाहून थांबला, खरोखर आनंदाने.

"मावशी! तुमच्या आळीचं नाव मी गावोगाव घेतो. एवढी टापटीप कुठे बघितली नाही."

मेल्चोराच्या तोंडात अकरा वर्षांच्या शिव्या होत्या.

"देव तुमचं भलं करो, साहेब," ती म्हणाली.

तो गेल्यावर उबाल्दिनाने फावडं आपटलं. "चरात ओढायचं होतंस मेल्याला! राग नाही येत तुला?"

"येतो तर. जीव जळतो." मेल्चोरा खाली बघून खणत राहिली. "पण तो चांगलं बोलला गं. चांगल्या बोलण्याला वाईट उत्तर कसं द्यायचं, ते मला येतच नाही."